नांग सांतिंगने कुंडी फोडली

नांग सांतिंगने मेलेल्या नवऱ्याचा पाय उकरून काढला आणि परसातल्या आंब्याला बांधून ठेवला, ही बातमी कालिनानच्या बाजारातून परतणाऱ्या मासळीवालीकडून आमच्या गल्लीभर व्हायला भाताला उकळी फुटायचाही अवकाश लागला नाही.

त्या मासळीवालीने म्हणे तो पाय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. ती बेबिंगच्या दुकानाच्या गजांना धरून उभी होती आणि धापा टाकत होती. बेबिंगचं दुकान म्हणजे घराची एक खिडकी, तिला गज, आणि गजांतून लोंबणाऱ्या शाम्पूच्या पुड्या. बेबिंग आत बसून पिशवीत व्हिनेगर ओतत होती. ती ओतायची थांबली.

"डावा की उजवा?"

"म्हणजे?"

"अगं, नोंग तिबोचा कापला तो डावा होता. उजवा असेल तर दुसऱ्याच कुणाचा तरी म्हणायचा."

"मी काय अंगठा कुठल्या बाजूला ते बघत बसले? दिवेलागणीची वेळ, रस्त्यात मी एकटी, आणि झाडाला पाय! चांगला जाडजूड, गुडघ्यापासून खाली. रंग अगदी माणसाचा."

"आणि नांग कुठं होती?"

"ती त्याला मिठी मारून उभी! खोडाला गाल लावून. आणि बोलत होती गं."

"काय बोलत होती?"

मासळीवालीने आवाज खाली आणला. "‘जरा धर ना’, म्हणत होती. ‘जरा धर ना.’"

बेबिंगने छातीवर क्रूस काढला आणि मग उरलेलं व्हिनेगर ओतलं, कारण गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

यातलं झाड खरं, मिठी खरी, आणि ‘जरा धर ना’ हे शब्दही अगदी तेच. पाय मात्र नव्हता. साखरेच्या आजारात डॉक्टरांनी कापलेला नोंग तिबोचा पाय चर्चमागच्या दफनभूमीत पुरला होता. "पुढं पाठवलाय त्याला, माझी जागा अडवून ठेवायला," असं तिबो खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. वर्षभराने तो स्वतः त्या जागेवर गेला. पाय तिथंच होता आणि आहे.

झाडाला बांधला होता तो एक लांब पायमोजा. थंड देशातल्या बाया घालतात तसला, मांडीपर्यंत येणारा, जाड आणि कातडीच्या रंगाचा. त्यात नारळाचं सोडण पिंजून कोंबलेलं होतं. आणि त्या फुगलेल्या मोज्याच्या वर, हाताएवढ्या लांब पानांचे दोन तुरे पसरून, नांग सांतिंगची वालिंग-वालिंग बसली होती. आमच्या डोंगराची ही ऑर्किड. लोक हिला राणी म्हणतात. नांग हिला नुसतं ‘ही’ म्हणायची.

क्रिसांता तुमुलाक हे तिचं कागदावरचं नाव. गल्लीत ती सांतिंग, आणि आम्हा धाकट्यांची नांग, म्हणजे मोठी बहीण, मग ती आजीच्या वयाची का असेना; तसाच तिबो नोंग, म्हणजे मोठा भाऊ. तिचा बाप दुसऱ्यांच्या मळ्यात अबाका सोलायचा. अबाकाचं झाड दिसायला केळीसारखं, पण त्याच्या खोडातून निघतो तो वाख, आणि त्या वाखाचा दोर बोटी बांधायला पुरतो. लहानपणी सांतिंग तो वाख उन्हात वाळत घालायची. म्हातारपणीही तिच्या तळहातावर हात ठेवला तर खरखरीत पोत्यावर ठेवल्यासारखं वाटायचं.

तिबो जीप चालवायचा. लग्न ठरलं तेव्हा त्याच्याकडे द्यायला सोन्याचं काही नव्हतं. वरच्या जंगलात रस्त्यासाठी एक मोठं झाड पाडलं होतं. त्याच्या शेंड्यावर, कुणी कधी चढलं नसतं अशा जागी, तळहाताएवढी वालिंग-वालिंग होती. तिबोने ती शर्टात गुंडाळून आणली. शर्ट त्याच्याकडे तो एकच बरा होता. तो तसाच उघडा, जीप चालवत, सासरच्या दारात येऊन उभा राहिला. सांतिंगचा बाप म्हणाला, "पोरा, शर्ट कुठाय?" तिबो म्हणाला, "तुमच्या मुलीला दिला."

तिने ती दुधाच्या पावडरीच्या डब्यात लावली. डब्यात, कारण जागा आपली नव्हती. ती दोघं जिथं राहिली ती प्रत्येक जमीन दुसऱ्या कुणाची तरी होती. एका मालकाला ती परत हवी झाली. एक नदीने नेली. एकीवर मालकाचे तीन भाचे भांडायला लागले आणि त्या भांडणात भाडेकरू आधी बाहेर पडला. दर वेळी जीप भरायची. मागे खाट, भांडी, पेटी, एकदा तर पाय बांधलेलं डुक्कर. पुढच्या सीटवर दोघांच्या मध्ये ही, आता डब्यातून मडक्यात आणि मडक्यातून मोठ्या मातीच्या कुंडीत गेलेली. नव्या दारात जीप थांबली की तिबो कुंडी दोन्ही हातांनी उचलायचा आणि विचारायचा,

"सांतिंग, हिला कुठं ठेवू?"

आणि ती म्हणायची, "आत्ता इथंच ठेव. मग बघू."

वालिंग-वालिंगला माती लागत नाही. तिची मुळं झाडाच्या सालीला धरून हवेत जगतात आणि ओल्या हवेतूनच पाणी पितात. कुंडीत तिला कोळसा आणि विटांचे तुकडे घालून बसवतात. ती बसते, फुलतेसुद्धा, पण पाहुण्यासारखी. सांतिंगला हे ठाऊक होतं, तिबोलाही. शेवटी त्यांच्या नावावर जमिनीचा एक तुकडा झाला आणि त्या तुकड्यावर आयता एक आंबा निघाला. तेव्हापासून तिबो रोज संध्याकाळी आंब्याखाली उभा राहून मान वर करायचा. "हिला इथं चढवली पाहिजे." मग आधी छप्पर गळायला लागलं. मग लॉर्लिनचं, एकुलत्या मुलीचं, नर्सिंगचं शिक्षण आलं. मग पाय गेला. ही कुंडीतच वाढत राहिली. बाहेर आलेली मुळं कुंडीच्या अंगाला विळखे घालत होती. त्यांना धरायला झाड हवं होतं, मिळाली कुंडी.

तिबो गेला तेव्हा लॉर्लिन कॅनडाहून आली, आठवडाभर राहिली आणि रजा संपली म्हणून परत गेली. नांगने काळे कपडे घातले. आमच्याकडे ते वर्षभर घालतात, आणि वर्ष भरलं की प्रार्थना करून, जेवण घालून उतरवतात.

त्यानंतरच्या दर रविवारी फोनमध्ये लॉर्लिनचं तोंड यायचं. मागे तिच्याकडचं बर्फ दिसायचं.

"मा, सगळं ठरलंय. वर्ष भरलं की मी येते, प्रार्थना उरकते आणि तुला घेऊन जाते. एकटी काय करणार तू तिथं?"

"बघू."

"घर चुलतभावाला देऊ. आणि तुझी ती ऑर्किड, वरच्या रिसॉर्टचे सर न्यायला तयार आहेत. त्यांच्याकडे माळी आहे, मा, पगारी! कुंडीत आहे ते बरंच आहे म्हणाले. तशीच उचलून गाडीत टाकता येईल."

"बघू हं."

आता आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. माणूस समोर बसलेला असला की ते कळतं. बोलणाऱ्याचे डोळे खाली जातात, तो पाहुण्याच्या ताटात अजून एक माशाचा तुकडा वाढतो, आणि पाहुणा समजतो. फोनमध्ये खाली गेलेले डोळे नीट दिसत नाहीत आणि मासाही वाढता येत नाही. समुद्रापलीकडे पोचेपर्यंत नांगच्या ‘बघू’चं ‘बरं’ व्हायचं.

मग कॅनडाहून खोका आला. परदेशी गेलेलं माणूस घरी पाठवतं तो, माणूस मावेल एवढा. आत कॉफी, साबण, चॉकलेटं, डबाबंद मांस, आणि तळाशी लांब पायमोज्यांचे जोड. सोबत लॉर्लिनचा आवाज: "इथं पाय गोठतात, मा. आत्तापासून घालून सवय कर." बाहेर ऊन असं होतं की कुत्री जीप उभी राहिली की तिच्या सावलीत जाऊन झोपत होती. नांगने मोजे धुतले, कारण त्यांना साबणाचा फार वास येत होता, आणि आंब्याजवळच्या दोरीवर घातले. वारा आला की ते पाय हवेत चालायला लागायचे.

बेबिंग कुंपणावरून म्हणाली, "नांग, पाय आधीच निघाले गं कॅनडाला!"

नांग हसली. आत जाऊन एकटीचं ताट वाढून घेतलं. ताटं मात्र अजून दोन काढायची, मग एक परत ठेवायची.

ज्या दिवशी ‘पाय’ दिसला त्या दिवशी दुपारी रिसॉर्टचा माणूस आला होता. त्याने कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघितली, वजनाचा अंदाज घेतला, परत ठेवली आणि पानावर थापटी मारली. म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

"जड आहे हो, पण जाईल. तुम्ही निघालात की फोन करा."

नांगने त्याला पाणी दिलं, गोड भाताची वडी दिली, कुंपणापर्यंत पोचवलं. मग घरात गेली, तिबोची हातोडी आणली आणि कुंडी फोडली.

एका घावात नाही फुटली. चांगली भाजलेली होती. फुटली तेव्हा आतून कुजका वास आला. आतली मुळं काळी पडली होती, दाबली की पाणी सुटत होतं. ती तिने तिबोच्या दाढीच्या पात्याने कापून टाकली. जी मुळं कुंडीच्या अंगाला बाहेरून चिकटली होती ती पांढरी आणि टणक होती. त्यांना खापऱ्या चिकटलेल्याच राहिल्या. त्या तिने ओढून काढल्या नाहीत. ओढल्या की मुळाची साल जाते. मग टबात पाणी घेऊन सगळा पसारा भिजवला. भिजलं की मूळ पांढऱ्याचं हिरवं होतं आणि वाकायला लागतं. कोरडं वाकवलं तर काडीसारखं मोडतं.

तिने आंब्याची पूर्वेची बाजू निवडली, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं लागणार नाही अशी. सोडणाची गादी केली. बादली पालथी घालून तिच्यावर चढली. झाड थोडं पुढे कललेलं बसवायचं असतं, म्हणजे पावसाचं पाणी पोटात साठत नाही. पोटात पाणी साठलं की वालिंग-वालिंग आतून सडते आणि वरून कळतही नाही.

इथपर्यंत सगळं एकट्या माणसाचं काम. पुढचं दोघांचं होतं. एकाने धरायचं आणि एकाने बांधायचं.

तिच्याकडे बापाच्या वेळचा अबाकाच्या वाखाची लड होती. वाखानेच बांधायचं ही जुनी रीत. वर्षभरात वाख कुजून आपोआप गळतो, तोवर मुळांनी धरलेलं असतं. एका हाताने झाड खोडाला दाबून दुसऱ्याने तिने वेढा घेतला, टोक दातात धरलं आणि ओढलं. वाख तुटला. इतकी वर्षं पेटीत पडून तो आधीच म्हातारा झाला होता. पाण्याने जड झालेलं झाड सरकलं. तिने दोन्ही हात खोडाभोवती टाकले, छातीने आणि गालाने त्याला दाबून धरलं, आणि तिच्या तोंडून निघालं,

"जरा धर ना."

मागे कुणी नव्हतं. हे तिला बोलून झाल्यावर आठवलं.

बेबिंगचं दुकान हाकेवर होतं. एक हाक मारली असती तर सगळी गल्ली आली असती, दोर घेऊन, शिड्या घेऊन, सल्ले घेऊन. आणि पहिला प्रश्न आला असता, "नांग, तू तर जाणार ना? मग हे कशाला?" त्याचं उत्तर तिच्यापाशी अजून नव्हतं. तिने हाक मारली नाही.

ती तशीच उभी राहिली. हात भरून आले. पानाची कड मानेला कापत होती. सोडणातलं पाणी झग्यातून पोटावर उतरत होतं. उजेड गेला. तिने पुन्हा एकदा ‘जरा धर ना’ म्हटलं, या वेळी जाणूनबुजून. नुसतं म्हटल्यानेही हाताला थोडा धीर येतो का ते बघायला.

खांद्याला काहीतरी लागलं म्हणून नांगने मान वळवली, आणि दोरीवर वाळणारे मोजे दिसले. वाऱ्याने ते तिच्या खांद्याला लागत होते. तिने तोंडाने एक ओढला.

पायमोजा ताणतो, तुटत नाही, आणि मुळाला काचत नाही. तिने मोज्यामागून मोजा झाडाभोवती गुंडाळला. सगळ्यात जाड होता त्यात उरलेलं सोडण कोंबून खाली बांधला, म्हणजे ओल राहील. गाठी बसेपर्यंत ती पुन्हा खोडाला मिठी मारून ‘जरा धर ना’ म्हणत राहिली, आणि मासळीवाली पाहून पळाली ते हे. काम झालं तेव्हा तिला कॅनडाला जायला एकही धड जोड उरला नव्हता.

पुढच्या रविवारी लॉर्लिनने विचारलं, "मोजे घालून बघितलेस का, मा?"

"बघितले."

"मग? बसतात का नीट?"

"फार छान बसतात. चांगले ताणतात गं."

"बघ! म्हटलं नव्हतं मी?"

तेव्हापासून नांग फोन घेताना भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. लॉर्लिनला मागे येशूचं चित्र दिसायचं, आंबा दिसायचा नाही.

आणि आंब्यावर काय चाललं होतं? काही चांगलं नाही. कुंडीत असताना तुकतुकीत असलेली पानं सुरकुतली. खालचं एक पिवळं पडून गळलं, मग त्याच्या वरचं. रोज सकाळी नांग बादली घेऊन यायची, वाटीवाटीने पाणी घालायची, वर बघायची, आणि आत जायची. त्या दिवसांत ती बोलायची ती फक्त झाडाशी आणि दुकानात. दुकानात तरी काय, "मीठ दे", "अंडं दे". माणसांनी भरलेल्या गल्लीत बाईचा आवाज गंजून चालला होता.

बेबिंगला मात्र विषय मिळाला होता. "मोजे घातलेस झाडाला, आता स्वेटर कधी?"

"थंडी पडू दे."

"आणि व्हिसा? झाडाचा व्हिसा झाला का?"

"त्याचा आधी झालाय. माझाच अडकलाय."

अशाच एका दुपारी पैज लागली. बेबिंग माझी मावशी, आणि गिऱ्हाईक नसलं की गजांमागे बसून गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढणं हा माझा धंदा. नांगला मी स्पष्टच सांगितलं, की ते झाड पावसाळ्याआधी खाली पडणार आणि पावसाळ्यानंतर ती स्वतः विमानात बसणार.

"पैज?" नांग म्हणाली.

"पैज. मी जिंकले तर तुझा रेडिओ माझा."

"आणि मी जिंकले तर?"

"तूच सांग."

"तेव्हा सांगीन, दाय," नांग म्हणाली, दाय म्हणजे पोरी, आणि अंडी घेऊन गेली.

मग पाऊस लागला. कपडे वाळेनात, चुलीची लाकडं धुरायला लागली, आणि आंब्याचं खोड दिवसरात्र ओलं राहिलं. एका सकाळी मोज्याच्या उसवलेल्या शिवणीतून एक नवं मूळ बाहेर आलेलं तिला दिसलं. करंगळीएवढं जाड, टोक हिरवंगार आणि ओल्या काचेसारखं. ते हवेत लोंबत नव्हतं. सालीला चपटं चिकटून वर निघालं होतं. नांगने बोट लावलं नाही. टोकाला बोट लागलं की मूळ थांबतं. ती बादलीवर चढून नुसती तोंडापाशी तोंड नेऊन बघत राहिली. सांगायला कुणी नव्हतं. बेबिंगला सांगितलं असतं तर थट्टा झाली असती, लॉर्लिनला सांगता येत नव्हतं. तिने आत जाऊन पेटीवरच्या तिबोच्या फोटोला सांगितलं, आणि मग भात लावला.

वर्ष भरलं आणि लॉर्लिन आली. भलीमोठी बॅग, अंगात पातळ जाकीट, उकाड्याने लालबुंद. प्रार्थना झाली. गूळ-खोबऱ्याचा चिकट भात झाला, शेवया झाल्या, गल्ली जेवली. नांगने काळा झगा उतरवला आणि फुलाफुलांचा घातला. त्यात ती कुणा दुसऱ्याच बाईसारखी दिसायला लागली, आणि तिलाही ते जाणवत असावं, कारण ती सारखी खिसे चाचपत होती.

"मा, कुंडी कुठाय?" लॉर्लिन परसातून ओरडली. "सरांचा माणूस उद्या येतोय!"

बेबिंगने शेवया तोंडात घातल्या आणि चावायची विसरली.

लॉर्लिन आंब्यासमोर उभी होती. मोजे पावसाळ्याने फाटले होते, शेवाळले होते, पण कातडीचा रंग अजून ओळखू येत होता.

"मा. हे माझे मोजे?"

"हो."

"मी तुला घालायला पाठवले होते!"

"मला गरम होत होतं."

बेबिंग फिसकन हसली. लॉर्लिन हसली नाही. "आणि तू मला दर रविवारी ‘बघू, बघू’—"

"म्हणत होते ना."

"म्हणजे काय? मी तिकडं खोली रंगवली, मा! तुझ्या खोलीला पडदे लावले!" तिचा आवाज फाटला. "मी रोज सकाळी परक्या म्हाताऱ्यांना उठवते, भरवते, त्यांचे केस विंचरते. आणि माझी आई इथं एकटी बादलीवर चढते! पडलीस तर कोण आहे?"

नांगने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं. ती खरंच एकदा पडली होती, कोपर अजून दुखत होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

लॉर्लिनने स्वयंपाकघरातून कात्री आणली. बादली पालथी घातली. बेबिंग पुढे झाली तर नांगने तिचा हात धरला. "कापू दे."

लॉर्लिनने एकेक मोजा कापला. सोडणाचे ओले गोळे खाली पडत गेले. शेवटची गाठ सुटली तेव्हा झाडाला काहीच बांधलेलं उरलं नव्हतं. लॉर्लिनने बुंध्यापाशी दोन्ही हातांनी धरून ओढलं. मग पाय रोवून पुन्हा ओढलं. आंब्याची वाळकी पानं तिच्या डोक्यावर पडली. वालिंग-वालिंग हलली नाही. मुळं इस्त्री करून बसवावीत तशी सालीवर पसरली होती, वर, खाली, फांदीच्या बेचक्यातून पलीकडे. त्यातल्या एका मुळाच्या पोटाखाली लाल खापरीचा तुकडा तसाच होता.

"निघत नाही," लॉर्लिन म्हणाली.

"नाही," नांग म्हणाली.

लॉर्लिनने वळून आईकडे बघितलं. हा शब्द आईच्या तोंडून तिने पहिल्यांदा ऐकला असावा. ती बादलीवरच थांबली, हात अजून झाडाला. खांदे हलत होते. गल्लीतल्या सगळ्यांना एकदम आपापल्या घरी काहीतरी काम निघालं.

आम्ही कुंपणापर्यंत पोचलो तोवर मागून नांगचा आवाज आला. "डावीकडचा तुरा ढिला झालाय बघ तू ओढलंस त्याने. जरा धर ना."

आणि लॉर्लिनने धरलं. नांगने कापलेल्या मोज्याची एक चिंधी उचलली आणि बांधली.

लॉर्लिन दोन आठवडे राहिली. आईला तिने बादलीऐवजी पायऱ्यांचा स्टूल आणून दिला, बादलीवर पुन्हा चढायचं नाही अशी शपथ घातली, बेबिंगला आपला नंबर दिला. रिसॉर्टच्या माणसाला ‘येऊ नका’ असा तिनेच फोन केला. जाताना विमानतळाच्या गाडीत बसली तेव्हा दोघी एकमेकींना काय बोलल्या ते ऐकू आलं नाही, कारण ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गाडी वळली. नांग वळणाकडे बघत उभी राहिली, मग घरात गेली. ताटाचा आवाज आला. दोन काढल्याचा, आणि एक परत ठेवल्याचा.

त्या वर्षी वालिंग-वालिंगला फूल आलं नाही. जागा बदलली की ती एखादं वर्ष रुसते. दुसरी गोष्ट अशी, की मी हरले होते.

नांग चार दिवसांनी दुकानापाशी आली. गजांवर हात ठेवले.

"दाय, पैज."

"सांग. काय हवंय?"

"तू सगळ्यांचे आवाज काढतेस म्हणे. फादरचा काढतेस, हिचा काढतेस." बेबिंगकडे हनुवटी. "त्याचाही काढायचीस, तो होता तेव्हा. मला माहीत आहे, खिडकीतून ऐकू यायचा."

बेबिंग मावशी व्हिनेगरच्या पिशव्यांना गाठी मारत राहिली.

"एकदाच," नांग म्हणाली. "इथं नको. झाडाखाली."

आम्ही आंब्याखाली गेलो. तिने मला काय म्हणायचं ते सांगितलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी घसा खाकरला, त्याच्यासारखा, जीप चालू होत नसताना खाकरायचा तसा.

"सांतिंग, हिला कुठं ठेवू?"

तिने मान वर केली. पानांकडे बघत होती.

"ठेवलीय मी," ती म्हणाली. "तू बस आता."